घाईचा मालक कोण?

कंपनीच्या नावावर नोंदलेली गाडी वेगमर्यादा ओलांडते तेव्हा कॅमेरा टिपतो ती नंबरप्लेट. नंबरप्लेटवरून मालक सापडतो आणि मालक निघते एक कंपनी. कंपनीला पत्ता असतो, शिक्का असतो, बँकेत खातं असतं. ॲक्सिलरेटरवर ठेवायला पाय मात्र नसतो.

काही वर्षं मी एका कार्यालयात प्रशासनाचं काम पाहत असे. गाड्यांच्या चाव्या माझ्या खुर्चीमागच्या खुंट्यांवर टांगलेल्या असत आणि त्यांच्याखाली एक वही: गाडी कोणी नेली, कधी, कुठे, किती किलोमीटर. पहिली दोन पानं सुवाच्य अक्षरात भरलेली, मग नुसत्या सह्या, मग रेघोट्या, मग कोरी पानं. दंडाची नोटीस यायची ती घटनेनंतर पंधरा-वीस दिवसांनी. मी सगळ्यांना मेल टाकायचो, अमुक तारखेला दुपारी चारच्या सुमारास अमुक नंबरची गाडी कोणाकडे होती? उत्तर यायचं नाही. एकदाच एकाने कळवलं की त्या दिवशी आपण रजेवर होतो, कृपया नोंद घ्यावी. मुदत संपत आली की अकाउंट्सवाले पैसे भरून मोकळे व्हायचे आणि तो खर्च 'वाहन देखभाल, किरकोळ' या खात्यात पडायचा. वरच्या ओळीत पंक्चर, खालच्या ओळीत वायपरची पाती.

माझं भांडण त्या ओळीशी आहे. वेगाचा गुन्हा पंक्चरच्या पंगतीला जाऊन बसला की तो कोणाचाच राहत नाही. गाडी आहे म्हटल्यावर असले खर्च यायचेच, असं सगळे धरून चालतात.

आणि वेग ही किरकोळ गोष्ट नव्हे. ताशी ५० ऐवजी ६० किलोमीटरने चाललेल्या गाडीत ४४ टक्के जास्त गतिज ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समोरच्या माणसाच्या हाडांना हे गणित शिकवावं लागत नाही. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. या बदल्यात मिळतं काय? ५० किलोमीटरचं अंतर ताशी १०० ने तीस मिनिटांत कापलं जातं, ताशी १२० ने पंचवीस. पाच मिनिटं. तीही पुढच्या सिग्नलला निम्मी परत द्यावी लागतात.

अनेक देशांत वेगाच्या शिक्षेचे दोन भाग असतात, पैसे आणि परवान्यावर चढणारे दोषांक. ब्रिटनमध्ये साध्या गुन्ह्याला किमान १०० पौंड आणि ३ दोषांक पडतात. तीन वर्षांत १२ जमले की परवाना सहसा किमान सहा महिन्यांसाठी जातो. यातला पैशांचा भाग कोणीही भरू शकतं. बाप मुलाचा भरतो, कंपनी नोकराचा भरते. दोषांक मात्र ज्याच्या परवान्यावर चढतात त्यालाच वाहावे लागतात, म्हणून खरी जरब त्यांचीच. कंपनीला परवानाच नसल्यामुळे नेमका हाच भाग तिच्यापाशी येऊन विरून जातो. खाजगी गाडीवाला चौथ्या गुन्ह्यानंतर बसस्टॉपवर उभा दिसेल. कंपनीची गाडी चालवणारा चौदाव्या गुन्ह्यानंतरही निवांत असतो, कारण त्याच्या नावावर एकही गुन्हा नसतो.

संस्थेच्या नंबरप्लेटमागे माणूस किती मोकळा होतो, याचा सर्वांत बोलका नमुना वेगाचा नाही, पार्किंगचा आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांशी संबंधित राजनैतिक गाड्यांवर १९९७ च्या अखेरीपासून २००२ च्या अखेरीपर्यंत दीड लाखाच्या आसपास दंडपावत्या थकल्या होत्या. रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात. राजनैतिक संरक्षणामुळे वसुली शक्य नव्हती. २००२ मध्ये नियम बदलला आणि पावत्या थकवणाऱ्या गाड्यांची खास नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला. थकणाऱ्या पावत्यांचं प्रमाण जवळजवळ ९८ टक्क्यांनी कोसळलं. माणसं तीच, शहर तेच, पार्किंगची टंचाईही तीच. फरक एवढाच की शिक्षा आता दुसऱ्या कोणाच्या खात्यावर ढकलता येत नव्हती. राजदूतांना जे लागू पडलं ते विक्री विभागाला लागू पडणार नाही, असं मानायला मला कारण दिसत नाही.

मग चालक शोधायचा कसा? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. सगळ्यांत सोपं नेदरलँड्सचं. तिथे १९८९ च्या कायद्यानुसार वेगाचे साधे गुन्हे प्रशासकीय मानले जातात आणि बिल सरळ नंबरप्लेटच्या धन्याकडे जातं. कोण चालवत होतं याच्या खोलात कोणी शिरत नाही. कारभार झटपट होतो, तिजोरी भरते, आणि कंपनीच्या गाडीपुरता प्रश्न जिथल्या तिथे राहतो. जर्मनीने अगदी उलटी वाट धरली. तिथे वेगाचा गुन्हा फक्त चालकाचा. कॅमेरा समोरून चेहरा टिपतो, आणि त्या चेहऱ्याचा माणूस साधारण तीन महिन्यांत सापडला नाही तर प्रकरण कालबाह्य होतं. मालकाला दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा द्यायची नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मोठ्या कंपनीत एक धूसर फोटो चार टेबलांवरून फिरतो, प्रत्येक जण मान हलवतो आणि तीन महिने सरतात. तत्त्व शाबूत राहतं आणि चालकही सुटतो.

तरीही मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद जर्मनीचीच आहे. चालक सापडला नाही तर प्रशासन मालकाला आदेश देऊ शकतं, इथून पुढे या गाडीच्या प्रत्येक फेरीची वही ठेवा. ही शिक्षा झाल्या गुन्ह्याची नसून विसराळूपणावरचं औषध आहे. 'कोणाकडे होती आठवत नाही' असं सांगणाऱ्या कंपनीला सरकार म्हणतं, ठीक आहे, उद्यापासून लिहून ठेवा म्हणजे आठवायची वेळ येणार नाही. वही रोज भरायचा कंटाळा किती असतो ते मी पाहिलं आहे. दंडाच्या रकमेपेक्षा लोक त्या कंटाळ्याला जास्त घाबरतील.

फ्रान्सने पैशांचा मार्ग धरला. तिथे कंपन्या दंड भरून टाकत आणि चालकाचे दोषांक वाचत. १ जानेवारी २०१७ पासून कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यात कंपनीच्या प्रमुखाने ४५ दिवसांत चालकाचं नाव कळवायचं, असा नियम आला. नाही कळवलं तर तो वेगळा गुन्हा आणि कंपनीला व्यक्तीच्या पाचपट दंड. १३५ युरोच्या जागी ६७५. पाचपट ऐकायला जबर वाटतं. पण हिशेबाच्या नजरेतून पाहा. वर्षाकाठी मोठा धंदा आणून देणाऱ्या विक्री प्रतिनिधीचा परवाना वाचवायला ६७५ युरो म्हणजे स्वस्तातला सौदा. आकडा कितीही चढवला तरी एखादी कंपनी त्याच्याहून श्रीमंत असणारच. गप्प बसण्याची किंमत ठरवली की कोणीतरी ती मोजून गप्प बसतं.

ब्रिटनच्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये कलम १७२ आहे. गाडी बाळगणाऱ्याने चालक कोण ते पोलिसांना सांगितलंच पाहिजे. एखाद्या व्यक्तीने टाळलं तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि ६ दोषांक, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट. लपवणं हे करण्यापेक्षा महाग पडलं पाहिजे, हे सूत्र त्यात आहे. कंपनीवर इथेही दोषांक चढत नाहीत, पण कायद्याने तिच्यासाठी एक खुंटी मारून ठेवली आहे. 'खूप शोधलं, चालक कळला नाही' ही सबब कंपनीला सरसकट मिळत नाही. गाडी कोण चालवतं याची नोंद ठेवली नव्हती आणि ती न ठेवणं वाजवी होतं, असं तिने आधी दाखवावं लागतं. अज्ञान हाच बचाव करू पाहणाऱ्याला तुमचं अज्ञान वाजवी कसं ते पटवा म्हणणं, यातला खट्याळपणा मला आवडतो. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही, कलम १३३ मध्ये, मालकाला माहीत असलेली किंवा वाजवी प्रयत्नांनी मिळवता येण्यासारखी चालकाची माहिती पोलिसांना द्यावी लागते. 'वाजवी प्रयत्न' हे शब्द तिथेही आहेत. कोऱ्या पानांची वही त्यात बसते का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

यावर वकिलांचा आक्षेप ठरलेला असतो. स्वतःविरुद्ध बोलायला कोणाला भाग पाडता येत नाही, मग मालकच चालक असेल तर नाव सांग म्हणणं म्हणजे कबुलीजबाब झाला की. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे ब्रिटनच्या दोन गाडीमालकांनी तो मांडला. २९ जून २००७ रोजी न्यायालयाने निकाल दिला तो मालकांच्या विरोधात. मोटारगाडी बाळगणं आणि चालवणं ज्याने आपणहून पत्करलं त्याने काही जबाबदाऱ्याही पत्करल्या, असा त्यामागचा विचार. कंपनीच्या बाबतीत तर आक्षेपाचा जोर आणखी कमी होतो. ती सांगणार असते ते बहुधा दुसऱ्याचं नाव.

आणि इथेच खरी भानगड सुरू होते. दोषांक नावाला चिकटू लागले की नावांचा बाजार भरतो. ब्रिटनचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांनी २००३ मध्ये वेगमर्यादा मोडली आणि दोषांक तेव्हाच्या पत्नीने आपल्या परवान्यावर घेतले. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला. घरात हे होतं, तर जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची बढती असते तिथे काय होत असेल? साहेबांचे ९ दोषांक झालेले, नवीन मुलाचा परवाना कोरा. कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त विचारलं जातं, त्या दिवशी गाडी बहुतेक तुझ्याकडेच होती ना? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला गावची पंचायत लागत नाही, एक फॉर्म पुरतो.

म्हणून नोटीस आल्यावर नाव शोधण्याला मी फारशी किंमत देत नाही. नाव आधी लिहिलेलं हवं, चावी हातात देताना, जेव्हा त्या नावाला अजून काही किंमत नसते. आज हे अवघडही नाही. इंधनाचं कार्ड कोणी वापरलं, गाडीचा माग घेणारं यंत्र काय सांगतं, फेरी कोणाच्या नावे लावली, हे सगळं बहुतेक कंपन्यांकडे असतं. माल सात मिनिटं उशिरा पोचला तर कोणाच्या चुकीने ते संध्याकाळच्या आत सांगणारी कंपनी, गाडी कोण चालवत होतं ते मात्र सांगू शकत नाही. सतत माग ठेवण्याला माझा विरोध आहे. कर्मचारी रविवारी कुठे गेला याच्याशी कंपनीला घेणं-देणं नाही. पण चावी कोणी घेतली एवढं लिहायला उपग्रह लागत नाही, पेन लागतं.

इथवर लिहिलेलं सगळं चालकाला शोधण्याबद्दल आहे, आणि बरीच वर्षं माझा विचार इथेच थांबत असे. मग एकदा त्या कार्यालयात चालक सापडला. कंत्राटी होता, नोटीस येताच स्वतःहून समोर येऊन उभा राहिला, कारण बाकीच्यांसारखं गप्प राहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला वडीलधाऱ्या सुरात चार शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतलं, मग खिशातून फोन काढला आणि त्या दिवसाचा मेसेज दाखवला. किती वाजता निघायचं, किती वाजता पोचायचं आणि मध्ये कुठून कागद उचलायचे. मर्यादेत राहून ते जमणं शक्य नव्हतं. नकाशावर बोट ठेवून मी दोनदा मोजलं. मेसेज मीच पाठवला होता.

गाडीचा मालक कागदावर सापडतो. घाईचा मालक शोधावा लागतो. तो कधी वेळापत्रक लावणारा असतो, कधी गिऱ्हाईकाला वेळेचं वचन देऊन बसलेला विक्रीप्रमुख, कधी मागच्या सीटवर बसून 'जरा दाबा हो, विमान चुकेल' म्हणणारा साहेब. साहेबांचा आवाज कॅमेऱ्यात येत नाही, त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. चालकाने नाही म्हणावं, हे सांगायला सोपं आहे. ज्याचा पगार मागच्या सीटवरून येतो त्याची मान पुढे बघत असली तरी कान मागेच असतात.

गंमत अशी की कायद्याला हे फार पूर्वीच कळलं होतं. ब्रिटनच्या १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टच्या कलम ८९ मध्ये सांगितलं आहे की मालकाने असं वेळापत्रक काढलं किंवा असा हुकूम दिला, की जो वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही, तर ते वेळापत्रकच मालकाने गुन्हा करवल्याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून मांडता येतं. भारताच्या मोटार वाहन कायद्यात कलम १८३ चं चौथं पोटकलम जवळजवळ हेच बोलतं. वेळापत्रक म्हणजे पुरावा! माझ्या त्या मेसेजकडे मी या कलमाच्या चष्म्यातून पुन्हा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. कॅमेरे, दंड, दोषांक यांवर माणसं तासन्‌तास वाद घालतात, पण या कलमाचं नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

युरोपीय संघाने अवजड मालवाहू गाड्या आणि बसगाड्यांसाठी याच दिशेने एक पाऊल टाकलं आहे. २००६ च्या नियमावलीचं दहावं कलम वाहतूक कंपन्यांना बजावतं की कापलेलं अंतर किंवा वाहिलेला माल यांवर चालकाला असा मोबदला देऊ नका ज्याने रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येईल. म्हणजे कायदा ॲक्सिलरेटरवरून वर सरकत पगारपत्रकापर्यंत पोचला. छोट्या गाड्यांना, दुचाकीवरून घरपोच सामान देणाऱ्यांना, विक्री प्रतिनिधींना ही नियमावली लागू नाही. घाई मात्र त्यांच्याकडे कमी नाही.

वचनाच्या घाईचं काय होतं याचा एक धडा अमेरिकेत १९९३ मध्ये गिरवला गेला. डॉमिनोजने तीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याची हमी दिली होती. सिग्नल तोडून आलेल्या तिच्या एका चालकाच्या धडकेत जखमी झालेल्या बाईच्या खटल्यात सेंट लुईसच्या ज्युरीने ७ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास भरपाई ठरवली आणि त्याच महिन्यात कंपनीने अमेरिकेत ती हमी मागे घेतली. चालकांना रस्ता सुरक्षेवर कितीही व्याख्यानं दिली असती तरी जे झालं नसतं ते जाहिरातीतलं एक वाक्य खोडल्याने झालं. मला यातलं खोडणं महत्त्वाचं वाटतं, रक्कम नाही.

कोणी म्हणेल, मग सगळा दोष कंपनीवर टाका आणि चालकाला सोडा. ते मला मान्य नाही. रिकाम्या रस्त्यावर, कसलंही वेळापत्रक नसताना, फक्त गाडी भारी आहे आणि पेट्रोल आपलं नाही म्हणून ताशी १४० ने जाणारे मी पाहिले आहेत. त्यांना घाई नसते, मजा असते. त्यांचा दंड कंपनीने भरणं म्हणजे त्या मजेला अनुदान देणं. चालकाचा दंड चालकाच्याच खिशातून गेला पाहिजे. मात्र पगारातून परस्पर कापून नव्हे; मालकाच्या हातात दंड वसूल करायची कात्री दिली की ती कुठे कुठे चालेल याचा भरवसा नसतो. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी कपात अवैध ठरवली ते योग्यच झालं. नोटीस चालकाच्या नावे जावी, त्याने ती भरावी किंवा लढवावी. कंपनीने वेगळा हिशेब द्यावा, तो वेळापत्रकाचा.

यंत्रं हा प्रश्न सोडवतील असं मानणाराही एक वर्ग आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा बंधनकारक आहे. चालक ती डावलू शकतो. मोठ्या ट्रकांना तर तिथे ताशी ९० चा वेगनियंत्रक आधीपासूनच आहे. मोटारींनाही असा नियंत्रक बसवता येतो आणि उद्या कंपनीने मनात आणलं तर आपल्या साऱ्या गाड्या तिला बांधून टाकता येतील. किती कंपन्यांनी मनात आणलं, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोपवतो.

माझी मागणी त्याहून साधी आहे. आजच्या नोटिशीत एक रिकामी जागा असते, गाडी कोण चालवत होतं? तिच्याखाली दुसरी असावी. ही फेरी कोणी लावली, आणि पोचण्याची वेळ काय दिली होती? दोन्ही जागा कंपनीच्या जबाबदार माणसाने सही करून भराव्यात आणि सोबत चावीच्या वहीचं त्या दिवसाचं पान जोडावं. पान नसेल तर जर्मनीसारखा वहीचा आदेश. एकाच माणसाने लावलेल्या फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वेगाचे गुन्हे दिसले तर पुढची नोटीस त्याच्या नावाने, मग तो आयुष्यात कधी स्टिअरिंगला शिवला नसला तरी.

त्या कंत्राटी चालकाने दंड स्वतः भरला. मी निम्मा देऊ केला तर घेतला नाही. म्हणाला, पुढच्या वेळी अर्धा तास आधी निघायला सांगा.